साईड कोणी द्यायची?

'साईड देणे' या क्रियापदाला शुद्ध मराठी शब्द मला आजवर सापडलेला नाही. 'बाजू देणे' म्हटलं तर वकिलाचं काम वाटतं. 'वाट देणे' म्हटलं तर यमुनेने वसुदेवाला दिली तसं काहीतरी पवित्र वाटतं, आणि आपल्या रस्त्यावर तसं पवित्र काही घडत नाही. तेव्हा साईड ती साईडच. ती मागायची असते हॉर्न वाजवून आणि द्यायची असते शिव्या देत.

आमचं येरमाळा हे या विषयाचं विद्यापीठ म्हणावं असं गाव आहे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग आमच्याकडून जातो, आणि बार्शीहून कळंबला जाणारा रस्ता त्याला आडवा येतो. त्यामुळे चारी दिशांची घाई आमच्याकडे एकवटते. ऊस तोडणीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात, एस.टी. येते, पुण्या-मुंबईच्या मोटारी येतात आणि या सगळ्यांच्या कडेकडेने कॅरिअरला वैरणीची पेंडी बांधलेली एक सायकल येते. ती सायकल कोणाच्या बापाच्या रस्त्यावरून चालली आहे, हा प्रश्न मागचे सगळे एकाच वेळी हॉर्नमधून विचारत असतात.

हा प्रश्न मी आयुष्यभर तीन निरनिराळ्या आसनांवर बसून सोडवला आणि तिन्ही वेळा उत्तर निराळं आलं. गणितात असं झालं की गुरुजी छडी मारत. नीतिशास्त्रात असं झालं तर काय करायचं, हे आमच्या बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

पहिलं आसन अर्थात सायकलचं. तासाला एक रुपया भाड्याने मिळणारी, मडगार्ड नसलेली, घंटी सोडून सगळं वाजणारी ती सायकल. सीटवर बसलं की पाय पायडलपर्यंत पोचत नसत म्हणून नळीखालून पाय घालून, अंगाचा धनुष्यासारखा बाक करून मी ती चालवायला शिकलो. घरची सायकल होती, पण ती तीर्थरूपांची. आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक. कळंब रस्त्याने शेजारच्या गावच्या शाळेवर रोज जाऊन येऊन. त्यांच्या सायकलला हात लावणं म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवाला खेळायला नेण्यासारखं होतं. दर रविवारी ते तिच्या चेनला तेल घालत, आणि उरलेलं तेल माझ्या डोक्याला लावावं की काय अशा नजरेने माझ्याकडे बघत.

त्या काळी कळंब रस्त्याला डांबर होतं ते एका गाडीपुरतं. दोन्ही बाजूंना मुरूम, आणि डांबराची कड मुरुमापेक्षा वीतभर उंच. समोरून ट्रक आला की सायकलवाल्याने खाली उतरायचं, हा अलिखित कायदा. दोन ट्रक समोरासमोर आले तर प्रत्येकाने एक-एक चाक खाली उतरवायचं. ट्रकवाले एकमेकांना अर्धी-अर्धी साईड देत. सायकलवाल्याने मात्र सगळी द्यायची. मोठ्यांच्या व्यवहारात तडजोड असते, धाकट्यांच्या व्यवहारात शिस्त असते.

१९९१ सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा. एका संध्याकाळी अण्णा चालत घरी आले. सायकल कोणीतरी बैलगाडीत टाकून आणली होती. मागून ट्रक आला, हॉर्न वाजला, अण्णा खाली उतरायला गेले आणि डांबराच्या कडेवरून चाक घसरलं. उजवा हात कोपराजवळ मोडला. ट्रक थांबला नाही. सहा आठवडे अण्णांनी डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं. त्या वर्षीच्या पोरांचं अक्षर कायमचं बिघडलं, असं पुढच्या गुरुजींचं म्हणणं होतं.

मी संतापलो होतो. "रस्ता काय त्याच्या एकट्याचा आहे का?" असं मी विचारलं. अण्णा प्लॅस्टरवर फुंकर घालत म्हणाले, "चूक माझीच. मी जरा आधी उतरायला पाहिजे होतं. डांबर त्याचं, मुरूम आपला."

या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा ट्रकवाल्याचाही आला नव्हता. मोडलेल्या हाताचा माणूस मोडणाऱ्याची बाजू घेतो, हे मला समजेना. मी मनाशी ठरवलं की मोठा झाल्यावर आपण या जुलमाविरुद्ध लढायचं.

मोठा झाल्यावर मी मोटारसायकल घेतली. आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की गावात सायकली फार झाल्या आहेत.

खरं सांगतो वाचकहो, काल संध्याकाळपर्यंत मला त्या दिसत नव्हत्या. आज प्रत्येक वळणावर एक सायकल, आणि तीही रस्त्याच्या मधोमध. पाठीला डोळे नाहीत, हात दाखवणं माहीत नाही, अंधारात दिवा नाही. पुढे नळीवर बायको, मागे कॅरिअरवर पोरगं आणि हँडलला रॉकेलचा डबा, असं अख्खं कुटुंब माझ्या वाटेत! पुढे २०१९ साली बँकेच्या कर्मचारी-कर्जावर जुनी मोटार घेतली तेव्हा तर मला मोटारसायकलवालेही असह्य झाले. माणसाच्या बुडाखालचं आसन बदललं की डोक्यातला न्यायाधीशही बदलतो, हा माझा अनुभव आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मुलांसाठी नसून वाहनांसाठी केली असावी.

आता कॉमर्सवाला असल्यामुळे मी कोणत्याही भांडणात आधी जुनी वही काढतो. कोण कोणाचं देणं लागतो ते पाहावं. मोटार आणि सायकल यांची वही काढली आणि मी चक्रावलोच.

दोन चाकांचं हे यंत्र मोटारीपेक्षा कितीतरी जुनं. जर्मनीतल्या कार्ल ड्राइसने १८१७ साली पायडल नसलेलं, पायाने जमीन रेटत पळवायचं दुचाकी यंत्र काढलं. कार्ल बेन्झच्या मोटारीला पेटंट मिळालं ते १८८६ साली. मोटारवाले ज्याच्या जोरावर आज पाणीसुद्धा न हलवता पळतात तो हवेचा टायर १८८८ साली डनलॉपने बेलफास्टमध्ये केला, तो पोराच्या तीनचाकी सायकलसाठी. चांगल्या रस्त्यांसाठी सरकारच्या मागे लागणारे पहिले लोकही सायकलवालेच. अमेरिकेत १८८० साली त्यांची संघटना निघाली आणि चिखल-धुळीच्या रस्त्यांविरुद्ध तिने मोठी चळवळ केली. म्हणजे टायर सायकलचा, रस्त्याची मागणी सायकलची, आणि रस्ता गुळगुळीत झाल्यावर मागून मोटार आली नि म्हणाली, "ए, बाजूला हो!" आमच्या बँकेत असा खातेदार आला असता तर आम्ही त्याला जामीनदार मागितले असते.

उलट मोटारीची सुरुवात किती लाजरी होती! इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या इंजिनगाडीपुढे एका माणसाने तांबडं निशाण घेऊन पायी चालायचं होतं, आणि गाडीने गावाबाहेर ताशी चार मैल व गावात ताशी दोन मैल यापुढे जायचं नव्हतं. १८९६ साली ही बंधनं सुटली. तेव्हापासून जो हॉर्न सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. आपल्याकडे तर ट्रकच्या पाठीवरच हॉर्न वाजवायची प्रेमळ विनंती रंगवलेली असे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने त्या अक्षरांवर बंदी घातली. अक्षरांवर घातली, आवाजाला ती बंदी वाचता आली नसावी.

पण सायकलवाल्याला सोवळ्यात बसवायला मी तयार नाही. मी स्वतः सायकलवाला होतो, मला त्याची सगळी पापं पाठ आहेत. सिग्नल आपल्यासाठी नसतो, दिवा चंद्राला लावलेला असतो आणि ब्रेक चपलेत असतो, ही त्याची ठाम समजूत. हल्ली त्याच्या मोबाईलवर मोठ्याने भारूड लागलेलं असतं, मग मागचा हॉर्न त्याला टाळ वाटतो. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे उलट्या बाजूने येणं. महामार्ग चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, तेव्हापासून हा गुन्हा फार वाढला, असं मी चहाच्या टपरीवर तावातावाने सांगत असे.

एकदा टपरीवरच्या एका शेतकऱ्याने मला शांतपणे हिशेब मांडून दाखवला. त्याचं घर रस्त्याच्या या बाजूला, रान त्या बाजूला. पूर्वी समोर दिसणाऱ्या बांधावर तो सरळ जायचा. आता दुभाजकाचं तोंड एक किलोमीटर पुढे. नियमाने जायचं तर एक किलोमीटर पुढे जाऊन एक किलोमीटर मागे यायचं. "तुमच्या मोटारीला ती दोन मिनिटं," तो म्हणाला, "माज्या सायकलीला पाव घंटा, अन् पाव घंट्याचा दम. त्यो दम कोन भरून देतंय?" मी कॉमर्सचा पदवीधर असूनही दम या मथळ्याखाली खर्च टाकायचं मला सुचलं नव्हतं. नियम दोघांना एकच, पण तो पाळायची किंमत एकाने पायाने द्यायची आणि दुसऱ्याने पायाच्या अंगठ्याने. तो उलटा येतो हे चूकच, एखाद्या दिवशी जिवाशी जाईल. पण त्या चुकीवर रस्ता आखणाऱ्याचीही सही आहे, एवढं मला तेव्हापासून दिसायला लागलं.

दिसायला लागलं म्हणून मी सुधारलो, असा मात्र गैरसमज करून घेऊ नका.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या अलीकडे, मेव्हण्याच्या गावाला निघालो होतो. शेजारी सौभाग्यवती, मागे मुलं, डिकीत फराळाचे डबे. महामार्ग सोडून आत वळलो. आत पुन्हा तेच, एका गाडीपुरतं डांबर आणि दोन्ही बाजूंना मुरूम. दिवस मावळत आलेला. पुढे एक म्हातारबाबा सायकलवर. कॅरिअरला दुधाची कॅन. मी हॉर्न दिला. त्याने ऐकला नाही. मी पुन्हा दिला. मग मी हात हॉर्नवर ठेवला तो काढलाच नाही. मला घाई होती का? अजिबात नव्हती. मेव्हण्याच्या घरी लवकर पोचण्याची घाई आजवर कोणाला झालेली नाही. पण पुढचा माणूस उतरत नाही, याचा एक निराळाच राग असतो. तो उशिराचा राग नसतो, अपमानाचा असतो.

म्हातारबाबा दचकला आणि एकदम खाली उतरायला गेला. मी बाजूने निघून गेलो. आरशात पाहिलं तर सायकल आडवी होती.

आता या पुढचं मी लिहावं की नाही याचा बरेच दिवस विचार केला. मी लगेच थांबलो नाही. 'उठेल तो', 'लागलं नसेल', 'आपला धक्का तर लागलेला नाही', अशी तीन वाक्यं मनात व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी पुढे गेलो. ते अंतर साधारण अर्धा किलोमीटर भरलं. मग मागच्या सीटवरून धाकटी म्हणाली, "बाबा, ते आजोबा पडले ना?" आणि सौभाग्यवती काहीच म्हणाल्या नाहीत. पंधरा वर्षांच्या संसारात त्या काहीच म्हणाल्या नाहीत असा तो दुसराच प्रसंग. मी गाडी वळवली.

म्हातारबाबा रस्त्याच्या कडेला बसून गुडघ्याला माती लावत होता. दूध मुरुमात पसरलं होतं. मला पाहून तो उठायला लागला. मी म्हटलं, "बसा बाबा, बसा. फार लागलं का?"

तो म्हणाला, "तुमी कशाला परत आलाव सायेब? तुमची काय चूक न्हाई. मीच आदी उतराय पायजे हुतं."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या उजव्या कोपरात कळ आली. माझा हात मोडलेला नव्हता, तरी आली. तेहतीस वर्षांपूर्वीच्या त्या ट्रकवाल्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पुष्कळदा कल्पना केली होती, मिशा, लाल डोळे, दारूचा वास. तो तसा नसावा. तो बहुधा चांगला बापडा असेल, मेव्हण्याकडे निघालेला. त्याच्या आणि माझ्यात फरक एवढाच की माझ्या मागच्या सीटवर धाकटी बसली होती.

बाबाला तालुक्याला नेऊन गुडघ्याला टाके घातले, दुधाचे पैसे दिले. ते तो घेईना. सायकल डिकीत मावेना, ती एका टेम्पोत टाकली. फराळाचे डबे त्याच्या घरी गेले. मेव्हण्याने त्याबद्दल मला अजून क्षमा केलेली नाही.

पण गोष्ट इथे संपती तर बरं होतं. पंधरा दिवसांनी मी काउंटरवर बसलो होतो. महिन्याचे निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झालेले. दारापर्यंत रांग. गुडघ्याला पट्टी बांधलेला एक माणूस रांगेत उभा. तोच. मी मान खाली घातली. तेवढ्यात एक मोठे बागायतदार आले. त्यांच्या मोटारीचं दार लागल्याचा आवाज आत येतो. ते रांगेला वळसा घालून सरळ माझ्याकडे आले आणि चेक पुढे सरकवला. मी तो घेतला. गेली वीस वर्षं घेत आलो आहे. आणि रांगेतली सगळी माणसं, कोणी न सांगता, अर्धं पाऊल बाजूला सरकली.

साईड दिली हो त्यांनी! बँकेत, फरशीवर, जिथे डांबर नाही नि मुरूम नाही, तिथे.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हे प्रकरण वाहनांचं नाहीच. दवाखान्यात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे एक डांबर असतं आणि एक मुरूम. कोणी कुठून चालायचं हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं, पण दोघांनाही पाठ असतं. बळी तो कान पिळी हे जुनंच आहे. नवं मला एवढंच दिसलं की ज्याचा कान पिळला जातो तोच वर म्हणतो, "चूक माझी." आणि पिळणाऱ्याला हे ऐकून फार बरं वाटतं. मलाही त्या संध्याकाळी क्षणभर बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

मग घरी येऊन मी कागदावर एक हिशेब केला. आदळण्याची ताकद वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे शाळेत शिकवलेलं. सायकल नि स्वार मिळून पंच्याहत्तर किलो, ताशी १५ किलोमीटर. माझी मोटार माझ्यासकट अकराशे किलो, ताशी ८० किलोमीटर. गुणाकार केला तर माझी ताकद म्हाताऱ्याच्या चारशे पटींहून जास्त निघाली. कर्जाचा तर नियमच आहे, ज्याने जास्त उचललं त्याने जास्त फेडायचं. ज्याच्या हातून चारशे पट नुकसान होऊ शकतं त्याने चारशे पट सांभाळायला नको का? २०१७ सालच्या मोटार चालवण्याच्या नियमांतही पायी चालणारे, सायकलवाले, मुलं आणि म्हातारे यांची खास काळजी घ्या, असं लिहून ठेवलं आहे. ते माझ्या लायसनबरोबरच माझ्या खिशात असायला हवं होतं. खिशात विम्याचा कागद होता. तो माझ्या गाडीची काळजी घेतो.

हे अगदीच अशक्य आहे असंही नाही. आमच्याकडे वर्षातून एकदा घडतं. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली येते आणि लाखो माणसं चुन्याच्या रानात चुनखडी वेचायला उतरतात. त्या दिवशी डांबरावर पायी चालणारा असतो आणि मोटार मुरुमावर, कुठेतरी कडेला, खाली मान घालून उभी. एकही हॉर्न वाजत नाही. वाजवला तर लोक मारतील, हे एक कारण झालं. पण मी नीट पाहिलं आहे, त्या दिवशी मोटारवाल्यांना रागच येत नाही. ते स्वतः चप्पल काढून चालायला लागतात.

एरवीच्या ३६४ दिवसांचं काय, हे मला सांगता येणार नाही. बागायतदारांना मी आता "रांगेत या" म्हणतो, असं लिहिलं असतं तर हा लेख फार शोभला असता. एकदा म्हणालो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हल्ली चेक घेतो, पण खाली ठेवतो आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचं काम आधी करतो. ही माझी एक चाक खाली उतरवलेली साईड समजा.

अण्णांना ही हकीकत सांगितली. त्यांचं वय आता ब्याऐंशी. पाऊस येणार असला की कोपर दुखतो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "किती पुढे गेलास म्हणालास?"

"अर्धा किलोमीटर."

"हं," अण्णा म्हणाले. "तो तर गेलाच."

परवा पुन्हा मेव्हण्याकडे निघालो. त्याच रस्त्यावर तोच बाबा, तीच कॅन. मी हॉर्न दिला नाही. ताशी पंधराच्या वेगाने त्याच्या मागे चालत राहिलो. माझ्या मागे एक जीप आली, तिच्या मागे ट्रॅक्टर, आणि दोघांनी मिळून जो काही सनई-चौघडा सुरू केला तो वर्णन करण्यासारखा नाही. बाबाने मागे वळून पाहिलं, मला ओळखलं, आणि 'जावा की पुढं' असा हात केला. मी मान हलवून 'नको' म्हटलं. त्याने पुन्हा हात केला. मी पुन्हा 'नको' म्हटलं.

"आपण आज पोचणार आहोत ना?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"तुझ्या भावाकडेच चाललोय," मी म्हटलं. "घाई काय आहे?"